बसवंतप्पांनी वजीर का दिला

बीदर,
६ ऑगस्ट १९८७

चि. प्राणेश,

तुला आणि सूनबाईंना मामाचे आशीर्वाद. तुझी आई परवा सांगत होती की जर्मनीहून ट्रेनिंग संपवून येताना तू बुद्धिबळ खेळणारं यंत्र आणलं आहेस. मी आधी हसलो. हरायला माणसं कमी पडली काय, असं तिला म्हणालो. मग दोन दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं आणि आज हे पत्र लिहायला बसलो. काम आहे. म्हाताऱ्याचा चाळा म्हणून बाजूला ठेवू नकोस.

हुमनाबादचे बसवंतप्पा तुला आठवतात का? आडत दुकानवाले, कपाळभर विभूती, बोलणं कमी. मी हुमनाबादच्या शाळेत गणित शिकवत होतो तेव्हा शाळा सुटली की त्यांच्या गादीवर आमचा पट मांडलेला असायचा. म्हैसूर राज्य झालं, वर्षभरात माझी बदली बीदरला झाली, आणि आम्ही पोस्टकार्डावर खेळू लागलो. एका कार्डावर एक चाल. एक डाव आठ-आठ महिने चालायचा. चौदा वर्षांत आमचे एकोणीस डाव झाले. विसावा अर्ध्यावर राहिला. त्याच डावाबद्दल लिहितो आहे.

आपली कुसुम गेली ते साल १९७१. बाराव्या वर्षी टायफॉईडने गेली, हे तुला सांगायला नको. माझी कार्डं तीच लिहायची, मी चाल सांगायचो. ती गेल्यावर चौथ्या दिवशी बसवंतप्पांना कळवायला मी कार्ड घेतलं. "चि. कुसुम गेली" एवढं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. अर्धं कार्ड कोरं राहिलं होतं. मग खाली माझी चाल लिहिली आणि पेटीत टाकलं.

त्यांचं उत्तर तेराव्याच्या दिवशी आलं. त्यावर कुसुमचं नाव नव्हतं. दोन शब्द सांत्वनाचे नव्हते. फक्त चाल होती, आणि ती काय, तर त्यांनी आपला वजीर माझ्या हत्तीच्या तोंडी आणून ठेवला होता. डाव बरोबरीचा होता, प्राणेश. बसवंतप्पा वजीर फुकट घालवणारा माणूस नव्हे. मला वाटलं, मास्तरांची मुलगी गेली, निदान एक डाव तरी त्यांना जिंकू द्यावा, असा हा प्रकार आहे. लेकीच्या बदल्यात वजीर. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी त्याच दिवशी लिहिलं, "डाव सोडला. यापुढे पत्र नको." त्यांचं पुन्हा पत्र आलं नाही. बीदर ते हुमनाबाद दीड तासाचा रस्ता आहे, तो मी सोळा वर्षांत ओलांडला नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा मुलगा सोमशेखर येऊन गेला. बसवंतप्पांची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत, गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. दारातच उभा राहून म्हणाला, "मास्तर, आप्पा तुमची लई वाट बघायलेत. एकदा येऊन जावा." मी विचार करून कळवतो म्हणालो.

तर विचार हा असा. ती चाल खरी असेल तर मी जाणार आणि त्यांचे पाय धरणार. ती दयेची असेल तर मला जाता येणार नाही. तू म्हणशील, मामा, तुम्हीच पट मांडून बघा. ते माझ्याने होत नाही. त्या डावाची वही कुसुमच्या अक्षरात आहे. कोणती सोंगटी कुठल्या घरात एवढं मी एकेक करून सोबतच्या कागदावर उतरवलं आहे, पण पट मांडलेला नाही. मांडणारही नाही. तुझ्या यंत्राला कुसुम माहीत नाही, बसवंतप्पा माहीत नाहीत. ते खरं काय ते सांगेल.

लवकर कळव. त्या माणसाकडे दिवस थोडे आहेत.

तुझा,
मुकुंदमामा


बंगळूर,
१४ ऑगस्ट १९८७

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. कुसुमला आणि मला एकाच दिवशी पोहायला शिकवायला तुम्ही नेलं होतंत, तेच आठवत राहिलं.

कागद मिळाल्याबरोबर पट मांडला. यंत्र कसं सांगतं ते आधी लिहितो, म्हणजे त्याच्या शब्दाला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवाल. दिसायला तो साधा पटच आहे. सोंगटी घरावर जरा दाबून ठेवली की त्याला कळतं, आणि त्याची चाल ते कडेचे लाल दिवे लावून सांगतं. शेजारी काचेची छोटी पट्टी आहे, तिच्यावर आकडा येतो. प्यादं म्हणजे एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. शिवाय राजा उघडा पडला, प्यादं पुढे गेलं, असल्या गोष्टींचे थोडे थोडे गुण. मग ते प्रत्येक चाल खेळून बघतं, तिच्यावर तुमची प्रत्येक चाल, तिच्यावर पुन्हा आपली. शेवटी बेरीज करून आकडा काढतं. जिथे मारामारी चालू असते तिथे मध्येच थांबत नाही, शेवटचा मार होईपर्यंत पुढे बघतं. सहा चाली बघायला त्याला काही मिनिटं लागतात, आठ बघायला अर्धा दिवस.

बसवंतप्पांनी वजीर दिला तिथे त्याने उणे चार दाखवलं. हत्तीने वजीर मारायचा, मग त्यांचा उंट तो हत्ती मारतो, म्हणजे नऊ देऊन पाच मिळाले. मी यंत्राला विचारलं, त्यांच्या जागी तू काय खेळला असतास? त्याने वेगळीच, साधी चाल दाखवली, आणि आकडा शून्याजवळ. म्हणजे तुम्ही म्हणता तसा डाव बरोबरीचा होता आणि वजीर देण्याची काही गरज नव्हती.

पण एवढ्यावर मी पत्र टाकलं नाही. या यंत्रांची एक खोड आहे. जे नुकसान टळण्यासारखं नसतं ते समोर दिसलं की यंत्र मध्येच एखादं प्यादं फुकट देतं, उगाच शह देतं. त्यामुळे खरं नुकसान दोन चाली पुढे ढकललं जातं, त्याच्या नजरेपलीकडे. दिसेनासं झालं की त्याला वाटतं, टळलं. म्हणून मी शनिवार-रविवार दोन्ही दिवस ते चालू ठेवलं. आकडा बदलला, पण खालीच गेला. उणे पाच.

मामा, मला लिहायला जड जातंय. यंत्राच्या मते ती चाल वाईटच आहे. पण माझं ऐकाल तर तरीही जाऊन या. दया केली म्हणून कुणाला एवढी शिक्षा देतात का?

तुमचा,
प्राणेश


बीदर,
२२ ऑगस्ट १९८७

चि. प्राणेश,

आशीर्वाद. पत्र पोचलं. तू दोन दिवस यंत्र राबवलंस त्याबद्दल बरं वाटलं. उणे पाच. सोळा वर्षं माझ्या मनात होतं तेच यंत्राने सांगितलं, तरी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. मनातून मला ते खोटं ठरायला हवं होतं, हे आज कळलं.

यंत्राच्या खोडीबद्दल लिहिलंस ते दोनदा वाचलं. नुकसान दोन चाली पुढे ढकलायचं आणि टळलं समजायचं. मी काय वेगळं केलं? कुसुम गेली त्याचं मी रडलोच नाही, बसवंतप्पांवर रागावलो. राग होता तोवर दुसरं काही समोर येत नव्हतं. तुझी मामी जाईपर्यंत मला म्हणायची की तुम्ही भलत्याच माणसाशी भांडण काढलंत. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

शिक्षा देतात का, असं विचारलंस. शिक्षा नाही रे. चौदा वर्षं आम्ही एकमेकांना एकही हलकी चाल दिली नव्हती. त्या गादीवर तो आडत्या आणि मी मास्तर नव्हतो, दोघं सारखे होतो. माझं सगळं गेलं त्याच दिवसांत त्यांनी तेवढंही काढून घेतलं. तोंडाने रडले असते तर मी त्यांच्या गळ्यात पडलो असतो.

सोमशेखर काल पुन्हा आला होता. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं की माझं येणं होणार नाही. त्याने विचारलं, "आप्पांना काय सांगू?" मी म्हणालो, त्या चालीचा अर्थ मला कळला आहे, एवढंच सांगा. पोरगा कपबशी खाली ठेवून उठला. मग पाया पडून गेला.

आज सकाळपासून कुसुमची फार आठवण येते आहे. बदलीनंतरही मी सुट्टीत हुमनाबादला जायचो, तेव्हा दोन-तीन सुट्ट्यांत ती माझ्याबरोबर दुकानात यायची, आमच्या पटाशेजारी बसायची. तिला खेळ पुरता येत नव्हता, पण प्यादं शेवटी घोड्याच्या घरात पोचलं, घोडा झालं, की त्याच दमात त्याला एक उडी मिळते ना, ती उडी तिने मारायची. कुणाचंही प्यादं असो. मी चुकून सोंगटीला हात लावला तर रुसायची. बसवंतप्पा तेवढ्यासाठी मुद्दाम प्यादं त्याच घराकडे रेटायचे आणि तिच्यासाठी थांबून राहायचे. असा माणूस.

जाऊ दे. तुझ्या यंत्राला आता दुसरं काम दे.

तुझा,
मुकुंदमामा


बंगळूर,
२९ ऑगस्ट १९८७

ती. मामा,

आज दुपारी तार केली आहे, "चाल खरी, हुमनाबादला लगेच जा." हे पत्र पोचेल तेव्हा तुम्ही तिथे जाऊन आलेले असाल अशी आशा करतो. पण काय झालं ते लिहिल्याशिवाय मला चैन नाही.

चूक यंत्राची नाही. माझी आहे. काल तुमचं पत्र वाचताना कुसुमच्या उडीपाशी आलो आणि हातातला कप तसाच खाली ठेवला. मामा, ती उडी यंत्राला माहीतच नाही. जगात आता जे नियम चालतात त्यांत प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हवी ती सोंगटी होतं आणि चाल तिथेच संपते. कोणत्या घरात पोचलं त्यावर काही नाही, आणि त्याच दमात उडी तर नाहीच. तुम्ही आणि बसवंतप्पा आपले देशी नियम खेळत होतात. तुम्ही ते पत्रात लिहिलं नाहीत, कारण तुमच्या लेखी बुद्धिबळ म्हणजे तेच. आणि मी, ज्याला तुम्हीच त्या नियमांनी खेळायला शिकवलंत, कॉलेजात नवे नियम शिकलो आणि जुने लहानपणीचा खेळ म्हणून विसरून गेलो. यंत्र आणखी महिनाभर चालवलं असतं तरी उणे पाचच दाखवत राहिलं असतं. खोल बघितलं की खरं कळतं, असं मी धरून चाललो होतो.

आता डाव बघा. तुमचा राजा वजीराकडच्या उंटाच्या घरात बसलेला, शेजारचं एक घर सोडलं तर चारी बाजूंनी तुमच्याच सोंगट्या. बसवंतप्पांचं प्यादं सातव्या घरात, पण त्याच्या पुढचं घोड्याचं घर तुमच्या हत्तीने अडवलेलं. त्यांनी वजीर त्या मोकळ्या घरात, राजाला खेटून ठेवला. शह. राजाला तो मारता येत नाही, मागे उंटाचा जोर आहे. हत्तीनेच मारावा लागतो. हत्ती हलला की घोड्याचं घर मोकळं झालं. प्यादं तिथे पोचतं. यंत्र म्हणतं, पोचू दे, त्याच ओळीत खालून तुमचा वजीर बघतो आहे, तो ते मारेल. पण आपल्या नियमाने ते तिथे थांबतच नाही. घोडा होतं आणि त्याच दमात राजाच्या सातव्या घरात उडी घेतं. शह आणि मात. राजाला हलायला जागा नाही, घोड्याला मारायला कुणी नाही.

मी तो घोडा हाताने त्या घरात ठेवला आणि यंत्राला विचारलं. क्षणात काचेवर मात आली.

ती दया नव्हती, मामा. इतकी सुंदर चाल मी आजवर कोणाच्या हातून झालेली पाहिली नाही. मी तुम्हाला उलटं सांगितलं, आणि तुम्ही त्यावर विसंबून निरोप दिलात. तुमच्यासमोर कसा उभा राहू ते कळत नाही. त्यांना भेटलात की माझ्या वतीने माफी मागा.

तुमचा,
प्राणेश


बीदर,
१२ सप्टेंबर १९८७

चि. प्राणेश,

आशीर्वाद. तुझी दोन पत्रं आणि परवाची तार, सगळं मिळालं. उत्तर दिलं नाही म्हणून तू घाबरलास हे दिसलं. मी ठीक आहे. लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

तुझी पहिली तार सोमवारी सकाळी आली. मी अंगावरच्या कपड्यांनिशी स्टँडवर गेलो. हुमनाबादला उतरलो तर दुकान बंद. शेजारचे गॅरेजवाले म्हणाले, आप्पा शनिवारी गेले, संध्याकाळी मठाच्या शेतात माती दिली. तू तार लिहीत होतास तेव्हा ते गेलेले होते. तेव्हा तारेला उशीर झाला, पत्राला उशीर झाला, असलं काही मनात आणू नकोस. उशीर माझा आहे, सोळा वर्षांचा.

घरी गेलो. सोमशेखरने मला आत नेऊन बसवलं. मी त्याला सरळ विचारलं की कुसुम गेल्याचं माझं कार्ड आलं तेव्हा काय झालं होतं. तो तेव्हा वीस वर्षांचा होता, त्याला सगळं आठवत होतं. माझं कार्ड वाचून बसवंतप्पा बीदरला यायला निघाले होते. टोपी घातली, पिशवी घेतली, आणि दारातून मागे फिरले. सिद्धव्वा, म्हणजे त्यांची बायको, चिडली. तर म्हणाले, "मास्तरांनी खाली चाल लिहिलीया. त्यांना आज रडणारा माणूस नको, डाव पायजे. आता मी हलकी चाल दिली तर त्या लेकराची थट्टा हुईल." मग सहा-सात दिवस दुकान मुनीमावर टाकून ते पटापुढे बसून होते. चाल सापडली तेव्हा सोमशेखरला बोलावून दाखवली, आणि म्हणाले की ही उडी कुसुमची.

माझं उत्तर गेलं, "डाव सोडला, यापुढे पत्र नको." ते वाचून त्यांना पहिल्यांदा वाटलं की मास्तरांनी मात ओळखली. दुसरी ओळ नंतर वाचली. त्या दिवसापासून सोळा वर्षं त्या माणसाने असं धरलं की मुलगी गेली त्याच दिवसांत आपण मास्तरांना मात दिली, तिच्याच उडीने दिली, आणि हे मास्तर विसरणार नाहीत. पट त्यांनी पुन्हा मांडला नाही. पत्र नको म्हटलं होतं, म्हणून लिहिलं नाही. मला भेटायचं होतं ते जिंकल्याबद्दल क्षमा मागायला.

आणि मी काय निरोप धाडला? चालीचा अर्थ मला कळला आहे. सोमशेखरने तो शब्दन् शब्द सांगितला. ऐकून बसवंतप्पा भिंतीकडे वळले. थोड्या वेळाने म्हणाले, "व्हय. मास्तर कामून येतील." त्यानंतर माझं नाव घेतलं नाही. आठ दिवसांनी गेले.

मी घरी आलो तेव्हा तुझं पत्र दाराखालून सरकवलेलं होतं. ते वाचायच्या आधी मी कुसुमची वही काढली आणि पट मांडला. तुझ्या मदतीशिवाय बघायचं ठरवलं. प्राणेश, मला चार मिनिटं लागली. घड्याळ समोर होतं. चार मिनिटांत मला ती मात दिसली. सोळा वर्षांत कुठल्याही दिवशी दिसली असती. तेव्हा तू माफीचं पुन्हा लिहू नकोस. तुझ्याकडून नियम राहून गेला. मी पाहायलाच भ्यालो, आणि पाहण्याचं काम ज्याला काहीच वाटणार नाही अशा वस्तूवर ढकललं.

मग पटावर डोकं ठेवून रडलो. कुसुमसाठी की त्यांच्यासाठी, ते मलाही सांगता येणार नाही.

एक लिहायचं राहिलं. हुमनाबादेहून निघताना सिद्धव्वाच्या पाया पडायला आत गेलो. वयाने माझ्याहून लहान, तरी पडलो. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मास्तर, एवढंच सांगा. आमच्या माणसाचं चुकलं काय?"

मी म्हणालो, "काही नाही. त्यांची चाल बरोबर होती. माझंच चुकलं."

तिने पदर सावरला. मग म्हणाली, "पोरगं तुमच्याकडं जाऊन आल्यापासनं ते दाराकडं तोंड करून निजायले होते. तुमचा निरोप आला आन् भिंतीकडं वळले. आता हे त्यांना जाऊन कोण सांगायचं?"

मी तिच्याजवळ खाली बसून राहिलो.

तुझा,
मुकुंदमामा